टाकीच्या सावलीपलीकडे

टप्प.

घर शांत होतं. अंकित दुकानावर गेला होता, सासूबाई प्रवचनाला. अल्पना पोळी लाटता लाटता थांबली. गॅलरीच्या पत्र्यावर पुन्हा थेंब पडला. टप्प. एप्रिल महिना, आठ वाजताच नंदुरबारचं आभाळ तापून पांढरं झालेलं. पाणी कुठून येणार?

तेवढ्यात अंकितचा फोन आला. "अगं, सोलर बंद पडलं का? मोबाईलवर शून्य दाखवतंय. वर जाऊन बघ बरं."

हात पुसून ती जिना चढायला लागली. मागोमाग तिची सहा वर्षांची लेक रिद्धी.

जानेवारीत प्लेटा बसल्या, तेव्हापासून अल्पना रोज एकदा तरी वर यायची. सहा काळ्या प्लेटा. आवाज नाही, धूर नाही, हलणारं काही नाही. नुसतं ऊन पडायचं आणि खाली रिद्धीच्या दुपारच्या झोपेवर पंखा फिरायचा. तिला ते अजून खरं वाटत नव्हतं. सरकारचं अनुदान खात्यात जमा झालं त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "ऊन फुकट, आणि वर दक्षिणाही आपल्यालाच!"

पहिलं शून्याचं बिल तिनं खालच्या खोलीतल्या भाडेकरणीला, शिरीनला दाखवलं होतं. शिरीननं कागद दोन्ही हातांत धरला. "माशाल्लाह, भाभी."

शिरीनही सोलरचा अर्ज भरायला रांगेत उभी राहिली होती. टेबलामागचा माणूस म्हणाला, "योजना सगळ्यांसाठीच आहे, ताई. फक्त गच्ची तेवढी स्वतःची पाहिजे." रांगेतले हसले. शिरीनही हसली.

प्लेटांची जागा ठरवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा शिरीन गच्चीवरच कपडे वाळत घालत होती. छोटी गच्ची. एका बाजूनं शेजारच्या तिमजली घराची सावली, दुसरीकडून जिन्याची, मग टाकीची. माणूस मोबाईल फिरवून फिरवून दमला. शेवटी शिरीनच पुढे आली.

"भाऊ, तठे नको. चार वाजता टाकीनी सावली पडस. आठे लाव. आठे दिनभर तपन ऱ्हास."

तिनं चार पावलं चालून जागा दाखवली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आठ उन्हाळे याच गच्चीवर खाटा सरकवत तिनं ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, वाळवून विकले होते. नवरा धडगावला जीप चालवायचा; त्या कमाईचा भरवसा नव्हता, बिबड्यांचा होता. कुठलं ऊन किती वाजता हलतं, हे तिला पाठ होतं. माणूस खूश झाला. "यांना कंपनीतच घ्यायला पाहिजे!" प्लेटा तिनं दाखवल्या तिथंच बसल्या.

अल्पनानं गच्चीचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

प्लेटा दिसतच नव्हत्या. सहाही प्लेटांवर ओली पांढरी फडकी पसरलेली. त्यांवर बिबडे. ओळीनं, कडेला कड न लागता, शेकड्यांनी. पातळ इतके, की खालच्या फडक्याचा धागा दिसावा. गोल इतके, की साच्यातून काढावेत. सगळ्यांतून मंद वाफ निघत होती. फडक्यांचं पाणी कडेनं ओघळून खाली पत्र्यावर गळत होतं. शेवटच्या ओळीशी शिरीन वाकून उभी होती, ओल्या बोटांनी शेवटचा बिबडा थापत. अल्पनाला देवळात गेल्यावर आवाज खाली येतो, तसं काहीसं झालं.

मग हातातला फोन पुन्हा वाजला आणि तिनं तो उचलला.

"शिरीन! अगं, हे काय केलंस? वीज बंद पडली ना!"

शिरीनची बोटं थांबली. "वीज? भाभी, वीज तर खाले मीटरमा तयार व्हस ना? माले वाटनं, नुसती काच शे. तव्यासारखी तपस. खाट टाकाले जागाच नई ऱ्हायनी ना आते." तिनं आभाळाकडे पाहिलं. "दुपारलोंग वाळी जातीन."

हे बिबडे कोरीट गावच्या लग्नघरचे, हे अल्पनाला माहीत होतं. उद्या न्यायला येणार होते. पहाटे चारपासून खाली बिबड्यांचं पीठ, घाटा, शिजल्याचा वास येत होता.

"नाही गं, काढ. आत्ताच काढ. अंकित ओरडतील."

"हां, भाभी."

एवढंच. शिरीननं पहिलं फडकं दोन टोकांनी उचललं. ओला बिबडा उचलला की बिबडा राहत नाही. ओळी एकमेकींवर घसरल्या, दुमडल्या, त्यांचा गोळा झाला. मग दुसरं फडकं. मग तिसरं. तिनं एकदाही मान वर केली नाही. काचेवर पीठ राहिलं होतं, ते तिनं आपल्या ओढणीनं पुसलं. नीट, कोपऱ्या-कोपऱ्यांतून. खालून लखलखीत काळी काच निघाली आणि तिच्यात अख्खा सूर्य उतरला.

"आलं बघ, चालू झालं!" फोनवर अंकित म्हणाला.

जड पातेलं कमरेवर घेऊन शिरीन जिना उतरून गेली. अल्पना प्लेटांकडे बघत राहिली. रिद्धीनं तिचा पदर ओढला.

"मम्मी, आंटीनं आपल्या प्लेटांचं ऊन झाकलं, म्हणून तू तिला काढायला सांगितलंस ना?"

"हो, बेटा."

"मग आपल्या प्लेटांनी आंटीचं ऊन झाकलं, तेव्हा तिनं का नाही सांगितलं?"