शेवटचा यंत्रमानव

शहाऐंशीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आमच्या गावचं नाटक होतं: यंत्रमानवांच्या ग्रहाखालून पुरातन राक्षस उठतो आणि शेवटचा यंत्रमानव एकट्यानं आपलं घर राखतो. राक्षस व्हायचे माझे सासरे, नानाजी. आपल्या घरची बाई स्टेजवर चढली तर नाटक सोडीन, असं म्हणणारे. ऐनवेळी शेवटचा यंत्रमानव होणाऱ्या माझ्या नवऱ्याचा पाय मुरगळला. मी गुपचूप तेलाच्या पिप्यांचा त्याचा पोशाख चढवला. सगळी तालीम दाराआडून पाहिलेली होती. स्टेजच्या फळ्या उचकटून राक्षस वर आला. बाकीचे पळाले, मी हलले नाही. मुखवट्यातली त्याची नजर माझ्या पायांवर खिळली. जोडवी काढायची राहिली होती! आता व्हायचं ते होवो म्हणत मी जीव खाऊन तलवार हाणली. राक्षस धाडकन पडला. पुढचे लोक ओरडत उभे राहिले. पडल्यापडल्या नानाजी हळूच म्हणाले, "अखीन एक हान, सूनबाई. मांगच्यायले दिसलं नाई."