ताईपेक्षा जास्त नाही

"एवढंच?" प्रशिक्षक ग्वाक सरांनी विचारलं. मुलींना नव्हे, बो-राला.

सोलमधली बरी नोकरी सोडून ती या व्हॉलीबॉल संघाची ताकद वाढवायला आली होती, तीन महिन्यांच्या बोलीवर. आज परीक्षा. वजनं लावलेला बार खांद्यावर घ्यायचा, खाली बसायचं, उठायचं. कॅप्टन सन-ही ताईंनी शंभर किलो पेलले. त्यांच्या पाठच्या मुलीने पंचाण्णव, तिच्या पाठचीने नव्वद. वय उतरत गेलं तसे आकडेही जिन्यासारखे उतरत गेले. सगळ्यांत धाकटी दा-सोम सत्तरवर "माझं झालं, मॅडम" म्हणून मोकळी.

"शाळकरी पोरी उचलतात एवढं," सर म्हणाले. "संध्याकाळी ऑफिसात ये. तुझं काय ते बघू."

याच दा-सोमने परवा, जिममध्ये दोघीच असताना, एकशेदहा पेलले होते. घोडं कुठे पेंड खातंय ते उघड होतं. ताईने चमचा उचलल्याशिवाय इथे कोणी घास घेत नाही, मग ताईपेक्षा जास्त वजन कोण उचलणार? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

आणि बो-रा तरी कुठची वेगळी? सन-ही ताईंच्याच शाळेत, त्यांच्या मागच्या वर्गात, त्यांचे बूट पुसत ती खेळ शिकली होती. ताई आता बाकावर बसून दुखऱ्या गुडघ्याचा पट्टा सोडत होत्या. त्यांचा करार यंदा संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ताई," बो-रा म्हणाली. "जरा बाहेर थांबता?"

ताईंनी मान वर केली.

"मला बाहेर काढतेस?"

"हो."

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, पट्टा उचलला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"दा-सोम, ये परत."

"नको ना, मॅडम. रात्री ताईंच्याच खोलीत झोपायचंय मला."

"ये म्हणते ना."

दा-सोमने एकशेदहा पेलले. मग एकशेपंधरा. टाळी कोणी वाजवली नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बाकीच्या मुलींकडे पाहिलं.

"सगळ्यांचं पहिल्यापासून घे," ते म्हणाले.

बो-रा आधी बाहेर गेली. ताई पायरीवर बसल्या होत्या.

"किती?"

नव्वद म्हणावं, असं बो-राला फार वाटलं. कोण जाणार होतं विचारायला?

"एकशेपंधरा, ताई."

ताईंनी पट्टा पुन्हा गुडघ्यावर आवळला.

"तिचं बळ मला ठाऊक आहे. नव्वद म्हणाली असतीस ना," त्या म्हणाल्या, "तर तुला काढा म्हणून सांगायला मीच गेले असते सरांकडे."