खो

लिंबायतच्या मराठी शाळेत पीटीचा तास म्हणजे नुसता कालवा. शेवटी महाजन सरांनी स्वतःची शिट्टी सुषमाच्या गळ्यात घातली. "वर्ग ओळीत बसवून दाखव, खो-खोच्या टीममध्ये तुझी जागा पक्की."

सुषमा मैत्रिणींशी भांडली, त्यांचा अबोला सोसला, पण वर्ग तिच्या शिट्टीवर उठू-बसू लागला.

सामन्यासाठी बारडोलीला निघायच्या दिवशी अबोला धरलेल्या त्याच मुली टेम्पोत चढल्या. सुषमा डबा घेऊन खालीच उभी.

"सर, मी?"

"तू आलीस तर इथं वर्ग कोण सांभाळेल? तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतात का ती?" सरांनी कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली.

खो-खोत पाठीवर हात पडला की धावत सुटायचं असतं. सुषमा जागची हलली नाही.