एकदा ऐकून घ्या

"सीडी एकदा भरली की मग बदलता येत न्हाई, आबा. आधी सगळी गाणी ऐकून घ्या," बिभीषण म्हणाला आणि त्यानं पहिल्या गाण्यावर माऊस नेला.

आबासाहेब खुर्चीत ताठ बसले होते. धुवट पांढरा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर. "लावा," ते म्हणाले.

सोनईतल्या त्या लहानशा फोटो स्टुडिओत बाईचा आवाज उमटला. पेटी नाही, तबला नाही. नुसता आवाज आणि मागं टाळ.

माझ्या माहेराच्या वाटं, बाभळींची दाटी,
काटा मोडला तरी बाई, चालते आईसाठी.

बिभीषण कॉम्प्युटरच्या पडद्याकडंच बघत राहिला. "वळखू येतोय ना आवाज?"

"न वळखायला काय झालं? अडतीस वर्सं संसार केला."

तो आवाज आबासाहेबांच्या मालनबाईंचा नव्हता. तो रेश्माचा होता. बिभीषणच्या बायकोचा.

मालनबाई गेल्या वर्षी लागोपाठ तीन बाजारच्या दिवशी एसटीनं आल्या होत्या, भाजीची पिशवी घेऊन. आतल्या खोलीत बसून त्यांनी सहा गाणी म्हटली. रेश्मानं त्यांच्यामागं टाळ धरला. "सीडी कवा करायची ते मीच येऊन सांगन. घरी फोन करू नका," असं त्या जाताना म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्या वारल्याचं कानावर आलं. पुढं लग्नसराईत शूटिंगला कॉम्प्युटरात जागा पुरेना, तेव्हा बिभीषणनं जुन्या फायली उडवल्या. मालनबाईंचं नाव त्यानं वाचलं होतं. बाई गेली, आता कोण येतंय, असं मनात म्हणत त्यानं बटण दाबलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात आबासाहेब दारात उभे राहिले. "आमच्या मंडळींनी तुमच्याकडं गानी म्हनली हायेत असं कळलं. वर्षश्राद्धाला घरात लावायची हायेत. सीडीचं मशीन हाय आमच्याकडं."

खरं सांगावं म्हणून बिभीषणनं तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "मंगळवारी या."

रेश्मा आधी तयारच होईना. "मेलेल्या बाईच्या नावावर मी गाऊ व्हय?"

"तुला सगळी पाठ हायेत. म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटंल."

ती गायली. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

दुसरं गाणं झालं. तिसरं आबासाहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. त्यांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, पण शब्द मागं पडत होते. चौथ्या गाण्याच्या शेवटी रेश्माचा दम तुटला होता आणि ती हळूच खोकली होती. बिभीषणकडून तेवढं कापायचं राहून गेलं होतं.

"खोकली का?" आबासाहेबांनी डोळे उघडले.

"व्हय. जरा..."

"थंडीत व्हायचाच तिला खोकला." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

पाचवं चालू असताना रेश्मा पाणी घेऊन आली. आबासाहेबांनी उठून तिला हात जोडले. "ताई, तुमी तिच्यासंगं टाळ धरला म्हने. लई उपकार झाले."

रेश्मानं तांब्या टेबलावर ठेवला. नवऱ्याकडं एकदाच बघितलं आणि ती आत गेली. आतून कढईवर झारा आपटल्याचा आवाज आला.

सहावं संपलं. स्पीकरमधून थोडा वेळ नुसती खरखर येत राहिली. आबासाहेब ती सुद्धा ऐकत होते.

"झालं?"

"सहाच हायेत, आबा."

"मग करा सीडी."

बिभीषणनं कोरी सीडी काढली. वर नाव घालायला मार्कर उघडला. 'कै.' लिहिलं, 'मा' लिहिला आणि त्याचा हात थांबला. पुढचं अक्षर काही केल्या उमटेना. त्यानं मार्कर खाली ठेवला.

"आबा, हा त्यांचा आवाज न्हाई."

आबासाहेबांनी मान वळवली.

"त्यांची गाणी माझ्याकडून गेली. म्हंजी, गेली न्हाई, मीच उडवली. जागा पायजे हुती म्हनून. हे माझ्या बायकोनं म्हटलंय. तिचा दोष न्हाई, मीच तिला भरीला घातलं." त्यानं सीडी बाजूला सारली. "काय बोलायचं ते बोला मला. माराय लागला तरी मी हलायचो न्हाई."

आतला झारा थांबला होता. आबासाहेबांनी अर्धवट नाव लिहिलेली ती सीडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

"दुसरीकडं कुठं न्हाईत का ती गानी?" शेवटी त्यांनी विचारलं. "मोबाईलात, कशात?"

"न्हाई, आबा."

"पर तुमी ऐकलं हुतं ना तिला? इथं, समोर बसून?"

"व्हय."

"मग सांगा. कसा हुता?"

"काय?"

"आवाज."

बिभीषणला काही उमगेना. "आबा, तुमी तर मघाशी..."

"बोलन्यातला ठावं हाय मला. गान्यातला इचारतोय." आबासाहेबांची नजर जमिनीला लागली होती. "लगीन झालं त्या वर्सीच मी तिला बजावलं हुतं, माज्या घरात परत गानं ऐकू आलं न्हाई पायजे. जाईस्तोवर तिनं ते कदी मोडलं न्हाई."