फाटकं जाळं

सुई हातात घेऊन तिने सगळं जाळं चाचपलं. आज ते कुठेच फाटलं नव्हतं.

तिच्या पोराला घेऊन बोट जिथे बुडाली, तिथे गावातलं कुणीच जाळं टाकत नसे. तळाशी पडलेल्या बोटीच्या सांगाड्यात अडकून ते हमखास फाटायचं. तिचा नवरा मात्र तिथेच टाकायचा आणि संध्याकाळी फाटकं जाळं तिच्यापुढे आणून ठेवायचा. सांधून सांधून तिची बोटं कामातून गेली होती. "बास करा आता," ती करवादायची.

"आज दुसरीकडे टाकलं," मासळीने भरलेली टोपली पुढे सरकवत तो म्हणाला. "दमलो गं. तूही दमलीस."

टोपलीला तिने हात लावला नाही. सुईवर नवा दोरा गुंडाळत राहिली.

"उद्या तिथेच टाका," ती म्हणाली. "मी सांधीन."