तिसऱ्या रॉडचे दोन बोल्ट

"जुनेच घातलेत ना, बाबा?"

उघड्या इंजिनातून काढलेला बोल्ट मुलीने वडिलांच्या नाकासमोर धरला. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचे दोन्ही बोल्ट हाताने फिरतील इतके ढिले निघाले होते. आतलं बेअरिंग पार खरवडून गेलं होतं. आणखी चार दिवस गाडी धावली असती, तर रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता. आणि गाडी कुठली, तर शाळेची व्हॅन! रोज चौदा पोरं.

मिस्त्रींनी चिंधी उचलून हात पुसायला घेतले.

त्यांची खोड तिला पाठ होती. जुने बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, डब्यात जपून ठेवायचे आणि वर म्हणायचं, "लोखंड कधी शिळं होतं का?" पण रॉडचे बोल्ट निराळे. ते आधी ठरलेल्या जोराने आवळायचे, मग वर पाव फेरा द्यायचा. त्या पाव फेऱ्याने बोल्ट केसभर लांबतो आणि तसाच राहतो, म्हणून तो पुन्हा वापरायचा नसतो. मागच्या वर्षी मिस्त्रींचा खांदा कामातून गेला. तेव्हापासून आवळायचं त्यांनी आणि पाव फेरा द्यायचा तिने, अशी वाटणी झाली होती; हे इंजिनही त्यानंतर दोघांनी तसंच बांधलं होतं. यापुढे बोल्ट नवेच घालीन, असा शब्दही त्यांनी तेव्हाच दिला होता.

"तुमच्या शब्दाला काही किंमत?"

"नवे आण, बसवून टाकू. विषय संपव."

"संपव? पोरांच्या जिवाशी खेळ झालाय, आणि विषय संपव?"

"चुकलं म्हणतोय ना मी."

भांडले असते तर एक वेळ चाललं असतं. या थंडपणाने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात व्हॅनवाले काका चौकशीला आले. त्यांची नातही त्याच गाडीतून शाळेत जायची. मुलीने आडपडदा ठेवला नाही.

"काका, गाडी नीट करून देते. पण आजपासून बाबा इंजिनला हात लावणार नाहीत."

चिंधीने हात पुसता पुसता मिस्त्री थांबले. चाळीस वर्षं इंजिनाशिवाय त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. तिलाही याच टेबलावर उभं करून शिकवलं होतं.

"अगं, असं काय बोलतेस?" काका गडबडले. "मिस्त्रींनी जुने बोल्ट घातले कशावरून?"

"मोजून दाखवते. तुमच्यासमोरच."

"मोजू नकोस," मिस्त्री म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

कुठेतरी पाणी मुरतंय, याची आता तिला खात्रीच पटली. तिने मायक्रोमीटर काढला. आधी खोक्यातला कोरा बोल्ट मोजून खडूने टेबलावर आकडा लिहिला. मग बाकीच्या तीन रॉडचे सहा बोल्ट मोजले. सहाही कोऱ्यापेक्षा केसभर लांब भरले, एकदा वापरलेले भरावेत तसे.

"आता हे दोन बघा. दोनदा ताणलेत, म्हणजे सगळ्यांत लांब हेच."

तिने पहिला मोजला. पुसून पुन्हा मोजला. मग दुसरा मोजला. काकांनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं.

"हा तर खडूने लिहिलेलाच आकडा," ते म्हणाले. "म्हणजे बोल्ट नवेच होते की! उगाच बिचाऱ्यांवर आळ. पण मग ढिले कसे पडले?"

तिने खडूचा आकडा पुन्हा वाचला. मिस्त्रींनी तिच्या हातातला मायक्रोमीटर हळूच काढून घेतला.

"म्हातारपण, दुसरं काय," ते काकांना म्हणाले. "पाव फेरा द्यायचा राहिला माझ्याकडून. पोरगी म्हणते तेच बरोबर. आजपासून इंजिन तीच बघेल."