नंबरवालं कासव

आई दवाखान्यात, भेटायची वेळ चारची. तोवर भाचीला रमवायचं म्हणून मावशीने तिला जखमी समुद्री प्राण्यांच्या केंद्रात आणलं. पण भाची कसली रमतेय! सकाळपासून तिचं एकच पालुपद, "ती नर्स आईला चौदा नंबर का म्हणते? आईला नाव नाही?" मावशीने आतापर्यंत तीन उत्तरं दिली होती, तिन्ही नापास.

मोठ्या टाकीत एक थोराड कासव ऐटीत तरंगत होतं. पाटीवर नाव, 'राणीसाहेब'. शेजारच्या टबातल्या छोट्या कासवाच्या पाठीवर मात्र रंगाने नुसता नऊचा आकडा.

"यालाही नंबरच?" भाचीने कमरेवर हात ठेवले.

मासळी भरवणाऱ्या बाई हसल्या. "राणीसाहेबांचा पुढचा पाय गेलाय, त्या आता कायमच्या इथे. म्हणून त्यांना नाव. बरं होऊन घरी जाणाऱ्यांना आम्ही नाव देत नाही गं, नंबरावर भागवतो."

भाचीने टबावर वाकून पाठीवरचा नऊचा आकडा पुन्हा एकदा नीट बघून घेतला.

चार वाजता वॉर्डाच्या दारात नर्सने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

मावशी ताईचं नाव सांगणार, तोच भाचीने तिला कोपराने ढोसलं.

"चौदा नंबरला," ती ऐटीत म्हणाली.